चार संघांची एक मनवा

आमच्या वसईच्या गोखिवऱ्यात थंडी आली हे कळायला स्वेटर लागत नाही; तेवढी थंडी इथे पडतच नाही. सकाळी दूध तापत ठेवावं आणि मागच्या मैदानातून "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" असं ऐकू यावं, की समजायचं, डिसेंबर लागला. मग टँकर येऊन धूळ बसवतो. कुणीतरी फक्की घेऊन सीमारेषा आखायला बसतो आणि ती दर वर्षी वाकडी येते. दर वर्षी त्यावरून भांडण होतं आणि मग त्याच वाकड्या रेषेवर सामने सुरू होतात.

लोकांच्या डिसेंबरला केकचा वास असतो, शेकोटीचा असतो, ओल्या वाटाण्यांचा असतो. माझ्या डिसेंबरला मोज्यांचा वास आहे. घामेजलेले मोजे आणि दुखऱ्या जागी मारायचा तो थंडगार स्प्रे. आज सकाळी माइक कानावर पडला आणि तो वास थेट नाकात शिरला. खरं तर घरात मोजे नव्हतेच, लेक ते पायात घालून केव्हाच बाहेर पडली होती. तरी आला.

लेक म्हणजे मनवा. आता सोळा वर्षांची आहे. दारातून आत आली की चौकट भरून टाकते आणि फ्रिज उघडा टाकून त्याच्यासमोर विचार करत उभी राहते. पण माइक ऐकला की मला ती तेरा वर्षांची दिसते. त्या वर्षी ती शेवग्याच्या शेंगेसारखी वाढली. जूनमध्ये शिवलेला शाळेचा स्कर्ट दिवाळीला उसवून खाली सोडावा लागला आणि डिसेंबरात सोडायला कापडच उरलं नाही. पाय कुठे ठेवावेत हे तिचं तिला कळत नसे. घरभर टीपॉयला, उंबऱ्याला, बापाच्या चष्म्याला धडकत फिरायची. मैदानात मात्र तेच पाय शहाण्यासारखे वागत. चेंडू पायाशी आला की पोरगी अशी सुटायची की बघणाऱ्याचा चहा गार व्हावा.

वसई-विरारमध्ये डिसेंबरात ज्याला त्याला आपली स्पर्धा हवी असते. शाळेची असते, गावाची असते, चर्चच्या तरुण मंडळाची असते, बिल्डिंगची असते. दोन बिल्डिंगांचं पटत नसेल तर दोघींच्या वेगळ्या असतात. मुलांची टंचाई नाही, पण फुटबॉल खेळणाऱ्या मुलींची आहे. मग बरी खेळणारी एक दिसली की तिला मागून नेतात. अगदी विरजण मागून नेतात तसं. "वहिनी, तुमची मनवा जरा देता का आज संध्याकाळी? एक पोरगी कमी पडतेय." आणि मी द्यायची. शेजारधर्म आहे, नाही कसं म्हणणार? शिवाय लेकीला मागणी आहे म्हटल्यावर आईचा ऊर जरा भरून येतोच, उगाच खोटं कशाला बोला. विरजण कितीही जणांना दिलं तरी आपल्या घरचं दही कमी होत नाही, हे मला माहीत होतं. गुडघ्याचं तसं नसतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

तर त्या वर्षी डिसेंबरच्या तयारीसाठी दिवाळी संपल्यापासूनच मनवा चार ठिकाणची होती. सकाळी शाळा भरायच्या आधी शिंदे सर. हे शाळेचे खेळाचे शिक्षक, शिट्टी गळ्यात नसली तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. संध्याकाळी पास्कल अंकल. मनवाच्या वर्गात सलोमी नावाची तिची जिवलग मैत्रीण, तिचे हे काका. स्टेशनच्या पश्चिमेला त्यांची केळीची आणि सोनचाफ्याची वाडी आहे, आणि चर्चजवळच्या मैदानावर ते गावातल्या मुलींचा संघ तयार करतात. मनवा गावातली नव्हती, पण अंकल म्हणाले, "सलोमीची मैत्रीण म्हंजे आमच्याच गावची," आणि विषय संपला. शनिवारी टर्फवर आमच्या सोसायटीचा संघ. त्याचे सर्वेसर्वा सेक्रेटरी कदमकाका. त्यांनी स्वतः आयुष्यात कॅरमपलीकडे काही खेळलेलं नाही, पण बाहेर उभं राहून ओरडण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

आणि रविवार? रविवार माझ्या नवऱ्याचा. अविनाशने कुठेतरी ऐकलं होतं की वाळूत पळाल्याने पाय पोलादी होतात. मग भल्या पहाटे लेकीला स्कूटरवर मागे बसवून हा कळंबच्या समुद्रावर घेऊन जायचा. मीही एक-दोनदा गेले. सुरूच्या झाडांतून गार वारा, किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या, सुकत घातलेल्या मासळीचा तो खारा उग्र वास, आणि त्यात पाण्याच्या कडेकडेने पळणारी माझी लांबलचक पोर. अविनाश होडीला टेकून वडापाव खात "अजून एक फेरी!" म्हणून ओरडत होता. मासळी उलटवत बसलेल्या एका बाईने शेवटी त्याला हटकलंच, "ओ भाऊ, पोरीला पानी तरी द्या! कधीची धावते ती." अविनाशला ते लागलं. त्याने पाणी दिलं, अर्धा वडापाव दिला आणि मग अजून एक फेरी दिली.

अभ्यासाला आपण सुट्टी देतो. तो जास्त झाला की डोकं दुखेल, चष्मा लागेल, याची आपल्याला काळजी. आणि अभ्यासातून सुट्टी म्हणजे खेळ, हे इतकं अंगवळणी पडलेलं की खेळातूनही सुट्टी लागते हे कुणाच्या मनातच येत नाही. सुट्टीला कसली आली सुट्टी? सातिवलीला मी ज्या युनिटमध्ये डिस्पॅच बघते तिथल्या खोके कापायच्या मशीनला दर शुक्रवारी विश्रांती असते. तिला तेल घालतात, पुसतात, वर झाकण घालून ठेवतात. माझ्या पोरीला शुक्रवार नव्हता.

मग ती जिना उलटा उतरायला लागली. तोंड वर, पाठ खाली, एका हाताने कठडा धरून एक एक पायरी. मला वाटलं, चाललाय काहीतरी चाळा. तेराव्या वर्षी मुलं काय काय करतात! मी उलट कौतुकाने बघून म्हटलं, "पडशील गं माकडे." ती हसली. जेवायला बसताना एक पाय लांब सोडून बसू लागली, त्यावर मी वळण लावायला म्हणून एक भाषण दिलं. चेंडूसाठी वाकायची ती कंबरेतून वाकायची, गुडघ्यातून नाही. सगळं डोळ्यांसमोर होतं. पण पोरगी धावत होती, गोल करत होती, चार पोळ्या खात होती. अशा पोरीला काही होत असेल असं कुणाला वाटेल?

एकदा संध्याकाळी सलोमी सुकेळी, त्यांच्याकडची उन्हात वाळवलेली केळी, द्यायला आली. मनवा आंघोळीला गेलेली बघून माझ्या कानाशी लागली. "आंटी, तुम्ही माझं नाव सांगू नका. मनवाचा गुडघा लय दुखतो. शाळेत पन ती जिना उलटाच उतरते. सरळ उतरलं की कळ येते तिला." मी सुकेळी तशीच ओट्यावर ठेवली आणि बाथरूमच्या दाराशी जाऊन उभी राहिले.

मनवा बाहेर आली तेव्हा तिला पलंगावर बसवून गुडघा बघितला. वाटीच्या खाली, नडगी सुरू होते तिथे, एक टेंगूळ आलं होतं. नुसतं बोट लावलं तर तिने ओठ आवळले. मग घरात सल्ल्यांचा महापूर. कदमकाका म्हणाले, "वहिनी, वाढतं वय आहे. हाडं वाढतात ना, दुखणारच. दुर्लक्ष करा." देवगडहून सासूबाईंनी फोनवर निरगुडीचा पाला बांधायला सांगितला. अविनाशचं म्हणणं, थोडा घाम निघाला की मोकळं होईल. घाम काढण्यावर या माणसाचा फार विश्वास, विशेषतः दुसऱ्याच्या.

आम्ही दोघांनी तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई हाडांच्या, वयाने माझ्याएवढ्या, टेबलावर पाण्याची बाटली आणि अर्धं खाल्लेलं सफरचंद. त्यांनी गुडघा दाबून बघितला, मनवाला उकिडवं बसायला लावलं, एका पायावर उडी मारायला सांगितली, आणि ती मारायच्या आधीच तिचा चेहरा बघून "राहू दे" म्हणाल्या. मग आधी मला धीर दिला. हे वाढत्या मुलांमध्ये नेहमीचं आहे, घाबरायचं कारण नाही. हाड भराभर लांब होतं, मांडीचे स्नायू तेवढ्या वेगाने लांबत नाहीत. ते ताणले जातात आणि नडगीच्या ज्या कोवळ्या जागी जोडलेले असतात ती जागा ओढत राहतात. प्रत्येक धाव, प्रत्येक उडी, प्रत्येक किक म्हणजे एक ओढ. मध्ये आराम मिळाला तर ती जागा सावरते. नाही मिळाला तर सुजते, दुखते.

"म्हणजे कदमकाका बरोबरच होते," अविनाश म्हणाला. "हाडं वाढतायत."

"अर्धे बरोबर होते," बाई हसून म्हणाल्या. "हाडं वाढतायत म्हणूनच तर जपायचं. खेळताना दुखत राहिलं, लंगडायला झालं, दुसऱ्या दिवशीही दुखणं उतरलं नाही, तर ते मुकाट सोसायचं नसतं. बोलायचं. कोण खेळवतं हिला?"

मी चौघांची नावं सांगितली. त्यातला एक माझ्या बाजूलाच बसला होता आणि भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता फार मन लावून वाचत होता.

बाई म्हणाल्या, "बघा, हिला कुणीच जास्त खेळवलेलं नाही. सगळ्यांनी थोडं थोडं खेळवलंय."

काही आठवडे धावणं, उड्या बंद. बर्फाने शेकायचं, मांडीचे स्नायू हळूहळू ताणायचे व्यायाम. दुखणं गेलं की एकदम मैदानात उडी नाही, थोडं थोडं वाढवत जायचं. पुढेही आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी, आणि वर्षातून काही महिने हा खेळ सोडून दुसरं काहीतरी. मनवा हे सगळं शहाण्यासारखं ऐकत होती. रिक्षात बसल्यावर तिचा बांध फुटला.

"आई, मी नाही गेले तर शिंदे सर दुसरीला घेतील. अंकलकडे फायनल आहे नाताळच्या आधी. कदमकाकांकडे तर मुलीच नाहीत. मी नसले तर सगळं बिघडेल."

दुखण्याबद्दल ती रडलीच नाही. ते तिने कधीपासून लपवलं होतं, कारण सांगितलं असतं तर आम्ही थांबवलं असतं. इतके दिवस मला वाटत होतं पोर हौसेने पळतेय. हौस होतीच. पण तिच्या मागे ही भीती पळत होती, आणि ती काही बर्फाने शेकून जाणारी नव्हती. गुडघा बरा होईल असं बाई म्हणाल्या होत्या. ही भीती तशीच राहिली तर दुखणं पुन्हा लपेल, मग घोट्याचं लपेल, पाठीचं लपेल, आणि एक दिवस खेळच सुटेल. मला त्या रात्री खरी धास्ती त्याची वाटली.

मी तिन्ही खेळाच्या गुरूंना एकाच वेळी चहाला बोलावलं. त्यांनी एकमेकांना कधी पाहिलेलंच नव्हतं. शिंदे सर शिट्टीसकट आले, पास्कल अंकल चाफ्याची फुलं घेऊन आले, कदमकाका वरच्या मजल्यावरून चप्पल न घालता आले. मी सगळं सांगितलं. शिंदे सर ताठ बसून म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे सकाळी फक्त वॉर्मअप आणि थोडा सराव असतो." अंकल म्हणाले, "आमच्याकडे पन जास्त नाय. पोरी गप्पाच जास्त मारतात." कदमकाका म्हणाले, "टर्फवर तर तासाचं बुकिंग, त्यातला निम्मा वेळ भांडणात जातो." प्रत्येकजण दुसऱ्या दोघांकडे असा बघत होता की गुन्हेगार तिकडे आहे.

शेवटी शिंदे सर म्हणाले, "पण रविवारी तर आराम असतो ना पोरीला?"

मनवा कोपऱ्यात पाय लांब करून बसली होती. म्हणाली, "रविवारी बाबा कळंबला नेतात. वाळूत पळायला."

अविनाश त्याच क्षणी स्वयंपाकघरातून बाकरवड्यांची बशी घेऊन बाहेर आला. तिघांनी एकदम त्याच्याकडे बघितलं. त्याने बशीकडे बघितलं. मग त्याने ती सर्वांत आधी शिंदे सरांपुढे धरली, आणि हसू आवरेनासं होऊन पहिली मीच हसले. हसण्यात सगळ्यांचाच ताठा गेला. अंकल मान हलवत म्हणाले, "केळीला घड लागला की आपन बांबूचा टेकू देतो. इथे झाड एक आनि घड लावनारे आपन चार." ठरलं की आधी गुडघा. तोपर्यंत कुणीही तिला मागायचं नाही, आणि बरी झाल्यावर कुणाचे कुठले दिवस हे चौघांनी आपसात बोलून ठरवायचं. फोन नंबरांची देवाणघेवाण झाली. कदमकाकांनी लगेच एक ग्रुप काढला आणि त्यावर पहिला संदेश सुप्रभातचा टाकला.

ते घरी बसायचे आठवडे आठवले की अजून हसू येतं. बर्फाचे खडे संपले म्हणून अविनाशने फ्रीजरमधली सोललेल्या मटारची पिशवी तिच्या गुडघ्यावर ठेवली. छान बसली, गुडघ्याच्या आकाराची. मग ती रोजचीच झाली. त्या हिवाळ्यात आमच्याकडे मटार पुलाव झाला की आधी प्रत्येकजण विचारायचा, "हे खायचे की गुडघ्याचे?" मनवा कॅरम शिकली, कदमकाकांना हरवू लागली आणि ते दुखणं त्यांना तिच्या दुखण्यापेक्षा जास्त झालं. टॉवेल पायात अडकवून ती व्यायाम करायची, शेजारी बाप स्वतःचा अर्धवट वाकणारा पाय घेऊन तेच करायचा आणि तिच्यापेक्षा जास्त कण्हायचा. चिडचिड होती, नाही असं नाही. संध्याकाळी पाचच्या सुमाराला, सराव सुरू व्हायच्या वेळेला, ती गॅलरीत जाऊन उभी राहायची. त्या वेळी मी तिच्याशी बोलायला जात नसे.

फायनल नाताळच्या आदल्या आठवड्यात होती. आम्ही सगळे गेलो. संध्याकाळचं मैदान, घराघरांवर कागदी तारे लागलेले, कुठेतरी फुगे, ते नाताळचे पिठाचे गोड गोळे, तळल्याचा वास, बायका खुर्च्या घेऊन कडेला. मनवा राखीव खेळाडूंच्या बाकावर बसली, संघाचा शर्ट घालून, पायात चपला. चपला मीच घालायला लावल्या होत्या. सामना बरोबरीत चालला. शेवटी शेवटी सगळ्यांना दिसायला लागलं की हे पेनल्टीवर जाणार, आणि सामना संपताना जी मैदानात असेल तिलाच पेनल्टी मारता येते. आणि पेनल्टी मारण्यात मनवाचा हात, म्हणजे पाय, कुणी धरणारं नव्हतं.

कदमकाका प्रेक्षकांतून ओरडले, "उतरवा ना तिला! पळायचं कुठेय? नुसती किक मारायचीय!"

पास्कल अंकल बाकाजवळ आले. शब्द दिलेला माणूस, तोंडाने काही मागेना. पण गावाने कधी हा चषक जिंकला नव्हता, आणि ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. शेवटी खाली बसून हळूच म्हणाले, "बाय, शेवटची थोडी मिनिटं नुसती उभी राहशील मैदानात? पळू नको. मग फक्त एक किक."

खरं सांगते, माझ्याही तोंडाशी आलं होतं, जा. एका किकने काय होतंय? सगळे तिच्याकडे बघत होते. तिला जायचं होतं हे तिच्या पायाच्या बोटांवरून कळत होतं, चपलेत ती सारखी हलत होती.

"अंकल, उतरले की मी पळणारच," मनवा म्हणाली. "मला नुसतं उभं राहता येत नाही." आणि तिने चपलेतला पाय बाकाखाली ओढून घेतला.

अंकलनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते उठून गेले. शेवटची पेनल्टी सलोमीने मारली. दोन पावलं मागे गेली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि असा चेंडू मारला की गोलकीपर एकीकडे, चेंडू दुसरीकडे. मैदानात जी दंगल उसळली तिच्यात मनवाही होती, एका पायावर नाचत, दुसरा जपत, घसा फाटेस्तोवर ओरडत. डॉक्टरांनी गुडघ्याला विश्रांती सांगितली होती, घशाला नाही. चषक हातोहात फिरून तिच्याकडेही आला, अंकलनी दिला.

परतताना रिक्षात ती आमच्या दोघांच्या मध्ये बसली. मला कळत होतं काय येणार ते, आणि मी मनातल्या मनात उत्तरं जुळवत होते.

"आई," ती बसलेल्या आवाजात म्हणाली, "माझ्याशिवाय जिंकले गं."

मी म्हटलं, "हो."

तिने बाहेरचे कागदी तारे बघायला मान वळवली. मग म्हणाली, "म्हणजे मी एखाद्या दिवशी नाही गेले तरी चालतं."

मी तिच्या आवाजात दुखावलेपण शोधलं. नव्हतं. उद्या शाळेला सुट्टी आहे असं अचानक कळल्यावर मुलं बोलतात तशी ती बोलली होती, आणि मला तिथे रिक्षात रडू आलं. एवढंसं पोर, केवढं ओझं घेऊन धावत होतं! तिने डोकं माझ्या खांद्यावर टाकलं, तो लांबलचक पाय बापाच्या मांडीवर सरळ सोडला आणि स्टेशनचा पूल यायच्या आत झोपलीसुद्धा. पुढचा रस्ता नेहमीसारखाच होता. प्रत्येक खड्ड्याला अविनाश दोन्ही हातांनी तिचा गुडघा धरून ठेवत होता.